बोनेटची छावणी दाखवताना श्पीसचीही दाखवा : नेदरलँड्सच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षण, संस्कृती व विज्ञान मंत्री,
नेदरलँड्स

सप्रेम नमस्कार.

मी ॲमस्टलव्हीनमध्ये राहणारी मराठी बाई. आम्ही 15 ऑगस्टला झेंडावंदन करतो, त्याच दिवशी द हेगमध्ये दुसऱ्या महायुद्धात डच ईस्ट इंडीज या वसाहतीत (आजचा इंडोनेशिया) जपानी छावण्यांत डांबलेल्या कैद्यांसह तिथल्या युद्धबळींचे स्मरण होते. त्याविषयी हे पत्र.

ॲमस्टरडॅमचे चित्रकार रुडॉल्फ बोनेट 1929मध्ये बालीला गेले. बालीतल्या उबुद गावच्या राजघराण्यातले सुकावती, वयोवृद्ध कलावंत लेम्पाद आणि जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस यांच्यासोबत त्यांनी 1936मध्ये 'पिता महा' ही संस्था काढली. बाली चित्रकारांची कामे पारखायची, चांगली तेवढी प्रदर्शनांना पाठवायची. 1942मध्ये जपान्यांनी बोनेटना पकडले. युद्ध संपेपर्यंत ते सुलावेसी बेटावर कैदेत होते : पारे-पारे, बोलोंग, मकासर. सुटल्यावर पुन्हा उबुदलाच गेले आणि 1956मध्ये उघडलेल्या पुरी लुकिसान संग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी जीव ओतला. या माणसाविषयी मला अपार आदर आहे.

पण श्पीसही बोनेटसारखेच 1895मध्ये जन्मलेले, त्याच उबुदमध्ये रमलेले. त्यांना कैद केले ते तुमच्या सरकारने. मे 1940मध्ये हिटलरने हॉलंडवर हल्ला करताच वसाहतीतले जर्मन धरले गेले. त्यांत मिशनरी होते, आणि हिटलरच्याच छळाला कंटाळून पळालेले ज्यूसुद्धा! जानेवारी 1942मध्ये त्यांना सुमात्राहून तीन जहाजांनी हिंदुस्थानात हलवले. दोन जहाजे पोचली. तिसऱ्यावर, 'फान इमहॉफ'वर, 19 जानेवारीला जपानी बॉम्ब पडला. डच खलाशी आणि पहारेकरी होड्या घेऊन निघून गेले, कैदी मागेच राहिले. पुढे एक डच जहाज बुडणाऱ्यांच्या जवळ आले, आणि ते जर्मन आहेत हे कळताच निघून गेले. चारशेहून अधिक माणसे मेली. श्पीस त्यांतलेच.

मंत्रिमहोदय, शत्रूने केलेल्या छळाची आठवण ठेवणे योग्यच आहे. आपल्या पहाऱ्यातल्या नि:शस्त्र माणसांना समुद्रात सोडून दिले, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवे. 1960च्या दशकात या घटनेवर तयार झालेला माहितीपट डच दूरचित्रवाणीने दाखवला नाही. तसे पुन्हा होऊ नये.

बोनेट आणि श्पीस यांची चित्रे सरकारी संग्रहालयात शेजारी शेजारी लावा. प्रत्येकाखाली त्याला कोणी कैद केले ते लिहा. शाळेच्या पुस्तकांत जपानी छावण्यांच्या धड्यालगत सुमात्रातल्या कुटाचानेची, जर्मनांना कोंडलेली डच छावणी येऊ द्या. आणि 'फान इमहॉफ'वरच्या मृतांची जबाबदारी सरकारने स्वतःच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत स्वीकारावी.

आपली,
ॲमस्टलव्हीनची एक मराठी रहिवासी