बदली पोर्टलने केली, वाटेला लावलं टेबलाने

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

शिक्षकाचं पत्र म्हटल्यावर आपण तक्रार किंवा मागणी शोधाल. मागणी आहे, पण शेवटी.

गडचिरोली जिल्ह्यात 11 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर काढून मी आंतरजिल्हा बदलीने गावाकडे आलो. सेवाज्येष्ठता शून्य झाली, विनंती बदली म्हणून प्रवासभत्ताही नाही. दोन्ही कबूल करूनच अर्ज भरला होता. 2017 पासून आमच्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि वशिल्याची चर्चा बरीच कमी झाली, याचं श्रेय शासनाला आहेच. पण पोर्टलचं काम आदेश निघाला की संपतं. पुढचं सगळं जुन्या जिल्ह्यातल्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या एका टेबलावर असतं.

त्या टेबलावर एक वरिष्ठ सहायक बाई बसतात. शेजारची खुर्ची रिकामी, त्यामुळे तिचंही काम त्यांच्याकडेच. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

माझं सेवापुस्तक त्यांनी उघडलं तेव्हा मधली पानं सुटी होऊन हातात आली. दोन वर्षांच्या वेतनवाढीच्या नोंदी होत्या, पण त्यांवर सहीच नव्हती. हे माझ्या 11 वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. बाईंनी जुनी वेतनदेयकं काढून नोंदी पडताळल्या आणि गटशिक्षणाधिकारी दौऱ्यावरून येईपर्यंत थांबून सह्या घेतल्या. तोवर परिचर काकांनी दाभण आणि जाड दोरा घेऊन पुस्तक शिवलं. दोऱ्याची गाठ दातांनी तोडली आणि म्हणाले, "आता रिटायर होईपर्यंत सुटत नाही."

मला खरी धास्ती होती ती एकस्तर वेतनश्रेणीची. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करतो तोवर 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आम्हाला वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. भाग सोडला की मूळ वेतनावर यावं लागतं. ही वेतननिश्चिती न करता माणूस निघाला तर नव्या जिल्ह्यात जुन्याच आकड्याने पगार निघत राहतो, आणि काही वर्षांनी वसुली लागते. अशी वसुली भरणारे सहकारी मी पाहिलेत. बाईंनी आधी निश्चिती केली, मग अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे एलपीसी, काढलं. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, पतसंस्थेचं ना-देय वगैरे माझं मीच करत होतो. पगाराच्या शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून नाव डिटॅच व्हायचं होतं. दुपारी साइट हलत नाही म्हणून त्यांनी ते सकाळी लवकर येऊन केलं. कार्यमुक्तीचा आदेश हाती पडल्यावर मी निघायच्या घाईत होतो, तर म्हणाल्या, "सर, एलपीसी घेतल्याशिवाय गाडीत बसू नका."

राज्याचा 2005 चा बदल्यांचा कायदा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या नावातच बदलीही आहे आणि विलंबही. कुणाच्याही टेबलावर फाईल सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलंय. तो कायदा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी, जिल्हा परिषदेच्या नव्हे. बाईंनी मात्र माझी फाईल पाच दिवसांत हातावेगळी केली.

आता मागणी. बदल्यांचं वेळापत्रक ठरवताना बदलीच्या आदेशानंतरच्या या कामालाही त्यात तारखा द्या. लिपिकांच्या रिकाम्या खुर्च्या भरा. आणि बदलून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा अभिप्राय त्या टेबलावरच्या माणसाच्या गोपनीय अहवालाला जोडता येईल, अशी काही सोय करा. आमच्याकडे तक्रारीचा अर्ज नोंदवायला आवक क्रमांक मिळतो; कौतुकाचा कागद घेऊन गेलो तर कुठल्या रजिस्टरला घ्यायचा, हे आवक विभागालाच कळेना.

निघताना मी पेढे नेले होते. बाईंनी डबा परत माझ्याकडे सरकवला. "पहिला पगार झाला की फोन करा."

नव्या शाळेतला पगार जमा झाला त्या दिवशी फोन केला. "झाला ना? बरं झालं. सर, साइट चालू आहे, दुपारी बोलू," म्हणाल्या आणि ठेवला.

आपला,
एक बदलून आलेला प्राथमिक शिक्षक