शनिवारच्या मॅचबाबत सूचना (सगळ्यांनी वाचा, नुसता अंगठा नको)

सभासदहो,

मागच्या शनिवारी नेरूळच्या आपल्या क्लबहाऊसमध्ये टीव्हीवरची फुटबॉल मॅच संपल्यावर कोणीतरी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबच्या मॅनेजरचा फोटो भिंतीला टेकवला. झेंडूचा हार, समोर उदबत्ती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण फोटो तिथेच राहिला. रविवारी सकाळी योगासनांना आलेल्या आजींनी हात जोडून विचारलं, "कुठल्या विंगमधले हो?" सेक्रेटरींनी हॉल काढून घ्यायची तंबी दिली आहे.

चिडवायला बंदी नाही. 2024-25 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेडचे 42 गुण आणि 15वा नंबर म्हटल्यावर 'तेरावं होऊन दोन दिवस झाले' हे ऐकावं लागणारच. (टॉटेनहॅम या दुसऱ्या इंग्लिश क्लबवाल्यांनी मात्र बेताने. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलला युनायटेडला 1-0 हरवलंत, मान्य. पण त्याच मोसमात लीगमध्ये 17वे होतात.)

हार-उदबत्ती बंद. युनायटेडच्या लाल जर्सीतल्या पोरांना घेरून नाचणंही बंद. परवा एक नऊ वर्षांचा मुलगा अर्धा वडापाव टाकून हाफ टाइमलाच घरी गेला.

आणि युनायटेडवाल्यांनो, रुसून ग्रुप सोडू नका. डिसेंबर 1989 मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड या तुमच्या मैदानावर तुमच्याच माणसाने तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन यांना 'आता निघा' सांगणारा फलक धरला होता. त्याच फर्ग्युसनच्या हाताखाली मे 1990 मध्ये एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) आला, नंतर 13 वेळा लीग.

शनिवारी चपला बाहेर. रात्री दहानंतर स्पीकर बंद, गोल कोणाचाही असो.