पक्या, ऑपरेशनच्या आधी हे वाच

प्रिय पक्या,

काल वहिनींचा फोन आलेला, म्हणाल्या हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर पित्ताशयाची ऑपरेशनं बघत बसतात. गाढवा, आधी ते बंद कर. दुर्बिणीतून करतात, बहुतेक लोक एक-दोन दिवसात घरी येतात, हे सगळं तुला आता पाठ झालंय तरी झोप नाहीच ना.

माझ्या हर्नियाच्या वेळी मी तुमच्यासमोर जोक मारत होतो पण आतून पार वाट लागलेली. सकाळी सिस्टरने बीपी बघितला तर १६०, म्हणाली काका टेन्शन नका घेऊ, त्या काकामुळे अजून वाढला असेल. आणि मी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढून आलेला माणूस, तिथे पहिले तीन-साडेतीन दिवस नुसता श्वासच बघायचा असतो, पण त्या दिवशी पाच मिनिटं जमेना. शांत व्हायला गेलो की जास्तच धडधड. शेवटी म्हटलं मरू दे ती शांती, आत येणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर जाणारी कोमट, एवढंच बघू. आणि सोडताना जरा लांबवायचा. श्वास सोडताना ठोके आपोआप किंचित मंदावतात, मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्ह नावाच्या नसेचं काम आहे ते, त्याला श्रद्धा-बिद्धा लागत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये बोटाला ठोके मोजायची क्लिप लावली तर मशीनचा बीप ऐकू यायला लागला, मी श्वास लांब सोडला की पुढचा बीप थोडा उशिरा, मग तोच खेळ करत बसलो. पाठीत भुलीची सुई द्यायला वाकवलं तेव्हा भीती होतीच की, पण मी आकडे मोजत होतो.

तू आज रात्रीपासूनच सुरू कर, टेबलावर पडल्यावर पहिल्यांदा करायला जाशील तर काही होणार नाही. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं, पडल्यापडल्या चालेल. मन पळालं तर पळू दे, परत आण. कपालभाती वगैरे आत्ता नको. तुला पूर्ण भूल देणार, म्हणजे तोंडावर मास्क ठेवून लांब श्वास घ्या म्हणतीलच, तिथे हेच करायचं.

आणि बीपीची गोळी, ती अधूनमधून ओढतोस ती सिगरेट, सगळं भूलवाल्या डॉक्टरांना खरं सांग, वहिनी बाजूला असल्या तरी. झोपेची गोळी मनाने घेऊ नकोस.

मंगळवारी सहाला येतो. चहा पिऊन येणार, तू उपाशी.

तुझा,
बंड्या