सप्टेंबरात या

स्टॉकहोम, २२ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, ध्रुवीय प्रकाशाचा तो हिरवा फोटो तू अख्ख्या आळीला दाखवलास म्हणे. आता खरं सांगते, मला ते तसं दिसलंच नव्हतं!

तो बघायला स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्कोला गेले होते. इथून रात्रीच्या रेल्वेने सतरा-अठरा तास लागतात. पहिल्या दोन रात्री नुसते ढग. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला तोर्नेत्रेस्क तळ्याच्या काठावर उभी होते. उणे २२. नाकातले केस गोठून टोचत होते. पलीकडच्या डोंगरावर चुलीच्या धुरासारखा एक करडा पट्टा दिसला. पुन्हा ढगच आला म्हणून मी परत फिरलेही. सहज मोबाइल वर धरला, तर तोच पट्टा हिरवागार! मिणमिणत्या उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेरा मात्र तीन-चार सेकंद उजेड गोळा करत बसतो. तुझा फोटो तो.

पुढचं मात्र फोटोत नाही. वीसेक मिनिटांनी तो पट्टा हलला. वाळत घालायच्या आधी तू गच्चीत ओली चादर झटकतेस ना, तशी एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. तेव्हा कुठे डोळ्यांनाही हिरवं दिसलं, खालच्या काठाला थोडं गुलाबी. आणि आवाज काहीच नाही. डोक्यावर एवढं काहीतरी हलतंय आणि चिडीचूप, त्याचीच जरा भीती वाटली. थंडीने मोबाइल तेवढ्यात बंद पडला. बरंच झालं.

बाबा, तुम्ही विचारलंत की एवढ्या लांब तिथेच का. तुम्हाला दोन शब्दांत कळेल : माण-खटाव. पश्चिमेकडून, नॉर्वेच्या बाजूने येणारा पाऊस आणि बर्फ डोंगर अडवतात आणि आबिस्को कोरडं राहतं, महाबळेश्वरापुढे आपली दहिवडी राहते तसं. म्हणून तिथलं आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं. वर्षाला जेमतेम ३०० मिमीच्या आसपास. तुमच्या पर्जन्यमापकाला इथे घरच्यासारखं वाटेल.

लडाख जवळ नाही का, हेही विचारलंत. १० मे २०२४ च्या रात्री हानलेहून दिसला होता खरा, पण लाल. हिरवा उजेड जमिनीपासून १००-१५० किमीवर असतो, लाल त्याच्याही वर, २०० किमीच्या पुढे. इतक्या दक्षिणेहून क्षितिजावर फक्त त्याचा शेंडा दिसतो, तोही सूर्यावर मोठी उलथापालथ झाली तरच. त्यासाठी सव्वाचार हजार मीटर उंचीवर तुमचं बीपी घेऊन मी बसणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, सप्टेंबरात या. हिवाळ्यात नको. स्टेशनपासून खोलीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती काच होती. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधूनही मी दोनदा आपटले. आईच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. सप्टेंबरात रात्री पुन्हा काळोख्या होतात, बर्फ नसतो, बर्चची झाडं पिवळी झालेली असतात आणि तळं गोठलेलं नसल्यामुळे उजेड पाण्यातही दिसतो. यंदा गणपती १४ तारखेला आहेत, आई त्याच्या आधी घरी हवी, ते माहीत आहे मला. ११ ला अमावास्या. तेव्हा ५ ते १० आबिस्को आणि १२ ला तुम्ही घरी. आरास काकूंकडून आधी करवून घ्या.

दिसेलच असं मात्र कबूल करत नाही. पाचही रात्री ढग असू शकतात. मग तळ्याकाठी चहा पिऊ.

बाबा, तुमचा पासपोर्ट ऑक्टोबरात संपतोय. तेवढ्यावर व्हिसा मिळत नाही, परतल्यावरही तीन महिने मुदत शिल्लक लागते. या आठवड्यातच नूतनीकरणाला टाका. आणि आई, येताना मेतकूट. इथलं संपलं.

तुमची,
शुभा