हरणाचे पोट साफ करायला चार इंचांचे पाते पुरते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील शिकारीच्या अवजारांवरचा लेख वाचला. सात-आठ इंचांचा सुरा, हातकुऱ्हाड आणि हाडे कापायची करवत एवढे जवळ असले की शिकाऱ्याची तयारी झाली, असा त्याचा सूर आहे. (भारतात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जिथे हंगाम ठरवून, परवाना देऊन ती होते, तिथल्यापुरतेच हे लिहीत आहे.) या यादीतली निम्मी अवजारे मांस नासवतात, आणि जी खरोखर लागतात त्यांचा लेखात उल्लेखही नाही.

जनावर पडले की जागीच पोट उघडून आतले सगळे बाहेर काढतात, ते मुख्यतः ऊब लवकर निघून जावी म्हणून. कोठ्यातला चारा जनावर मेल्यावरही आंबत राहतो, वायू धरतो आणि पोट फुगवतो. फुगलेला कोठा कातडीच्या आतल्या बाजूला टेकलेला असतो. मधला पोटाचा स्नायू अगदी पातळ. तेवढाच कापायचा आणि खालच्या पिशवीला टोक लागू द्यायचे नाही, ही खरी कसोटी. पुढचे बरेचसे काम हात छातीत घालून, न बघता करायचे असते. आपले टोक कुठे आहे हे दिसत नसताना आठ इंचांचे पाते हातात असणे म्हणजे कोठा किंवा स्वतःचा दुसरा हात, दोघांपैकी एक फाटणार.

म्हणून न मिटणारी, ३ ते ४ इंच पात्याची सुरी घ्यावी. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली की टोक बोटाच्या थोडेच पुढे यायला हवे. मग टोक कुठे आहे ते बोटालाच कळते. पाठ टोकाकडे उतरत गेलेली असावी. वर वळलेले अणकुचीदार टोक कातडे सोलताना सोयीचे, पण पोट उघडताना तेच आधी रुतते. मिटणारी सुरी चालते, मात्र तिच्या बिजागरीत चरबी आणि रक्त जाऊन बसते आणि ती उघडून धुवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

पात्याच्या पाठीवर आकडा असलेल्या सुऱ्यांचे लेखात फार कौतुक आहे. आकडा कातडे सरळ उघडतो हे खरे, पण त्यात केस आणि चरबी अडकली की तो कापत नाही, फाडतो. त्याला धार लावायला बारीक गोल कानस लागते. सपाट दगड आत पोहोचतच नाही. शिवाय पाठीवर बोट ठेवायची जागा जाते. आकडा हवाच असेल तर वेगळा घ्यावा.

बदलत्या पात्यांच्या, शस्त्रक्रियेच्या सुरीसारख्या सुऱ्या धारेत सर्वांना मागे टाकतात. त्यांचा दोष असा की सांध्यात घालून पाते पिळले की ते तुटते आणि तुकडा मांसात राहतो. त्यांनी फक्त कापावे, उचकटू नये. पाते बदलताना पक्कड वापरावी आणि वापरलेली पाती मोजून डबीत टाकावीत.

पोलादाबद्दल एवढेच की रॉकवेल या कठीणता मोजायच्या मापावर ५६ ते ६० भरणारे पुरते. त्याहून कठीण असले तर धार टिकते, पण हाडावर आपटल्यावर कडेचे टवके उडतात आणि जंगलात बसून ती परत लावता येत नाही. मूठ खरबरीत रबरी, पुढे बोट अडवणारा उंचवटा असलेली आणि शक्यतो नारिंगी; पालापाचोळ्यात ठेवलेली तपकिरी मुठीची सुरी अंधार पडल्यावर सापडत नाही. कातडी म्यान दिसायला देखणे, पण रक्त शोषते आणि पाते गंजवते. धुता येणारे प्लास्टिकचे म्यान घ्यावे.

धार जाते ती मांसाने कमी, केसांनी अधिक. हरणाच्या केसांत माती आणि वाळू अडकलेली असते. वरून केसांवर सुरी चालवली की थोड्याच वेळात ती बोथट होते आणि तुटलेले केस मांसाला चिकटतात, ते वेगळेच. त्यामुळे आत शिरायला एक लहान छेद घ्यायचा आणि त्यानंतरचा प्रत्येक काप आतून बाहेर. प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांची धार आणि खिशात सिरॅमिकची कांडी, एवढे असले तर मधेच चार-सहा हात फिरवून काम पुढे नेता येते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि अपघात त्या जोरामुळे होतात.

क्रम असा. मागच्या बाजूने जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श करावा; पापणी हलली नाही तरच पुढे. बंदूक रिकामी करावी. जनावर उताणे, डोके चढाच्या बाजूला, एक मागचा पाय तीन मीटर दोरीने झाडाला बांधलेला. गुदद्वाराभोवती खोल गोल काप घेऊन आतडे मोकळे करावे आणि दोरीने घट्ट बांधावे. ही गाठ विसरली की विष्ठा थेट मागच्या पुठ्ठ्याच्या मांसावर सांडते. मग उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खाली चिमटीत कातडी उचलून छेद, त्यात दोन बोटे घालून कातडी आणि स्नायू वर उचलायचे, बोटांच्या बेचक्यात पाते, धार आकाशाकडे, आणि सावकाश मागे जायचे. पुढे बरगड्यांच्या कडेने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, कापावे, हात जाईल तितका वर घालून श्वासनलिका आणि अन्ननलिका पकडून त्यांच्या वर छेद द्यावा आणि सगळे एकत्र खाली ओढावे. मूत्राशय शेवटी, चिमटीत दाबून धरूनच. नंतर जनावर कुशीवर वळवून रक्त ओतून काढावे आणि छाती काडीने फाकलेली ठेवावी. मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सियसच्या खाली गेले पाहिजे.

यात करवत कुठेच लागली नाही. कटीचे हाड कापण्याच्या नादात मूत्राशय फुटते. उरोस्थी कापायचीच असेल तर बोथट टोकाची, मोठ्या दात्यांची लहान करवत पुरे. कुऱ्हाडीने हाडाच्या चिपा उडतात आणि त्या मांसात रुतून बसतात.

कोठा फुटलाच तर घाण पाण्याने पसरवू नये. कागदाने टिपावी, लागलेला थर कापून टाकावा आणि ती सुरी धुतल्याशिवाय पुढे वापरू नये. मागच्या पायाच्या सांध्यावरच्या केसाळ गंधग्रंथींना हात लावला असेल तरी हेच. गोळीच्या जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने काढावे. शिशाची गोळी असेल तर तिचे कण जखमेपासून बरेच लांब गेलेले असतात.

शेवटी हातमोजे आणि सफाई, ज्यावर लेखात एक ओळही नाही. नायट्रिलचे मोजे, वर कोपरापर्यंतचे लांब, आणि सुरी नसलेल्या हातात काप न लागणारा मोजा. उत्तर अमेरिका आणि स्कँडिनेव्हियात हरणांमध्ये प्रायॉन या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, शरीर झिजवणारा आजार आहे. माणसाला तो झाल्याची सिद्ध नोंद नाही, तरी तिथे मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथींना पाते लावू नये; हेही करवत घरी ठेवायचे एक कारण. उकळते पाणी आणि अल्कोहोल प्रायॉनला पुरत नाही. घरगुती ब्लीच २ भाग आणि पाणी ३ भाग या द्रावणात पाच मिनिटे ठेवल्यास पोलादाच्या पृष्ठभागावरचे प्रायॉन निष्प्रभ होतात, पण त्याआधी मांसाचा प्रत्येक कण घासून काढलेला हवा, कारण ब्लीच त्याच्या आत शिरत नाही. ब्लीच पोलाद खाते, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, खाद्यतेलाचा हात फिरवावा आणि सुरी म्यानाबाहेरच ठेवावी.

आपला,
एक वाचक