२ एमबीपीएसही न देणाऱ्या लाइनीला ब्रॉडबँडचं बिल लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

खानापूर तालुक्यात जांबोटी भागातल्या आमच्या गावात घराच्या आत मोबाइलला रेंज मिळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी तुमची फायबर लाइन घेतली. प्लॅन '४० एमबीपीएसपर्यंत ब्रॉडबँड', जीएसटीसह महिना ५९० रुपये. आजवर एकही बिल थकवलेलं नाही.

यंदा पावसाळा सुरू झाला तशी लाइन मंदावली. सकाळी दीड एमबीपीएस, संध्याकाळी एकच्याही खाली. तक्रार केली की तुमच्या तक्रार केंद्रातून एकच उत्तर येतं : "नेट चालू दिसतंय, म्हणजे बिघाड नाही." तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा कुणी न येता 'तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला. चौथ्या वेळी लाइनमन आला. बिचाऱ्याने खांबावर चढून मीटर लावला आणि स्वच्छ सांगितलं की वळणावरच्या जॉइंटच्या पेटीत पाणी शिरलंय, फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पावर फार कमी येते, पेटी बदलायला हवी. पेटी वरून मंजूर होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले.

'नेट चालू आहे' हे उत्तर मला मान्य नाही, कारण तुम्ही मला नुसतं नेट विकलेलं नाही. ब्रॉडबँड विकलंय, आणि या शब्दाला सरकारने ठरवून दिलेला अर्थ आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २५ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने २ एमबीपीएस, म्हणजे सुमारे दोन हजार केबीपीएस. प्लॅनमधल्या 'पर्यंत' या शब्दाआड तुम्ही ४० चे २० केलेत तर मी वाद घालीन, पण निदान त्याला ब्रॉडबँड म्हणता येईल. दोनच्या खाली गेलात की ते नावच लावता येत नाही. माझ्या बिलावर मात्र दर महिन्याला तेच नाव छापलेलं असतं.

ही व्याख्या तुमच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या वेगाची आहे. परदेशातली एखादी वेबसाइट उशिरा उघडली तर दोष तुमचा नाही, हे मी जाणतो. म्हणूनच वायफाय बंद करून, लॅपटॉपला केबल जोडून, तुमच्याच सर्व्हरवर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ वेग मोजला. वीस मोजण्यांत एकदाही २ चा आकडा दिसला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीची पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत होती. पाचव्या मिनिटाला तिचा आवाज तुटायला लागला. शेवटी भर पावसात ती देवळामागच्या माळावर गेली. मी छत्री धरली आणि तिने मोबाइलवर उरलेली उत्तरं दिली. समोरच्या बाईंनी समजून घेतलं, पण निवड झाली नाही. नोकरी लाइनीमुळेच हुकली असं मी म्हणणार नाही. पण पैसे भरून घेतलेली लाइन घरात असताना मुलीला माळावर उभं राहावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही.

जॉइंटची पेटी सात दिवसांत बदला. माझ्याशी बोलल्याशिवाय तक्रार बंद करू नका. बिघाडाच्या काळातलं भाडं परत करा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांतही दुरुस्तीला कामाचे तीन दिवस उलटले की सात दिवसांचं आणि पंधरा दिवसांवर गेलं की महिन्याचं भाडं सोडायचं, असा हिशेब होता. मी त्याहून जास्त मागत नाही.

उत्तर आलं नाही तर २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तुमच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाईन. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दूरसंचार सेवा स्पष्ट शब्दांत घेतली आहे, आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला बेळगावच्या पुढे जावं लागणार नाही.

सोबत चारही तक्रारींचे क्रमांक, तीन महिन्यांची बिलं आणि वीस मोजण्यांचे फोटो जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. खानापूर, जि. बेळगाव