मदत सातबाऱ्याला मिळाली, शेत वाहणाऱ्याला नाही

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

२०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनचे भाव पडल्यामुळे राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य दिले. भाव कोसळल्यावर सरकारने कास्तकाराच्या पाठीशी उभे राहावे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ही रक्कम कोणाच्या खात्यात गेली, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही, आणि तो मी करू शकतो, कारण ती माझ्या खात्यात आली.

माझी पाच एकर शेती आहे. वयामुळे गेली काही वर्षे ती मी गावातल्याच एका भूमिहीन कुटुंबाला मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या भाड्याने, देतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, सोंगणी हा सगळा खर्च त्यांचा, आणि पीक बुडाले तरी मक्ता ठरलेला. २०२३ मध्ये ऐन शेंगा भरताना सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला आणि उभे शिवार पिवळे पडले. तो फटका त्यांनी सोसला. पुढच्या वर्षी सोयाबीन सोंगायला आले असताना माझ्या मोबाइलवर दहा हजार जमा झाल्याचा संदेश आला. सातबारा माझा, ई-पीक पाहणीतील नोंद माझ्या नावाची, त्यामुळे हक्कदारही मीच ठरलो. ती रक्कम मी त्यांच्या हाती दिली, पण प्रत्येक मालकाने असेच करावे या भरवशावर शासनाची योजना चालू शकत नाही.

हमीभावाचे दारही त्यांना असेच बंद आहे. खरेदी केंद्रावर नोंदणीसाठी पीकपेऱ्यासह सातबारा लागतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मात्र मक्त्याचे आणि कृषी केंद्राच्या उधारीचे पैसे तातडीने द्यायचे असल्याने त्यांनी तीस क्विंटल माल गावातच ४,००० रुपयांनी घातला. व्यापाऱ्याने वहीचा कागद फाडून त्यावर वजन आणि रक्कम लिहून दिली, तेवढीच त्यांच्याकडे विक्रीची नोंद. हमीभावाशी ताडून पाहिले तर तूट २६,७६० रुपयांची होते, आणि त्या चिठोऱ्यावर भावाचा फरक कोणतेही कार्यालय देणार नाही.

मक्ता तोंडी का राहतो, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे वाहणाऱ्याचा जमिनीवर हक्क तयार होईल, ही भीती विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यापासून मालकांच्या मनात घर करून आहे. मीही तिच्यातून सुटलेलो नाही. ज्या कायद्याने वाहणाऱ्याला जमीन मिळावी, त्याच्याच धाकाने आज वाहणाऱ्याचे नाव कुठल्याही कागदावर येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. यावर उपाय नाही असे नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून मालकाच्या मालकी हक्काला हात न लावता अकरा महिन्यांच्या करारावर वाहणाऱ्याला शेतकरी म्हणून ओळखपत्र देण्याची सोय केली. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला होता.

महाराष्ट्रानेही एका हंगामापुरत्या, कुळाचा हक्क निर्माण न करणाऱ्या कराराची नोंद तलाठ्याकडे करण्याची मुभा द्यावी. ई-पीक पाहणीत मालकाच्या नावाखाली प्रत्यक्ष वाहणाऱ्याचे नाव घ्यावे आणि खरेदी केंद्राने त्याच नोंदीवर माल घ्यावा. भावाची मदतही हेक्टरवर न देता बाजार समितीच्या सौदापट्टीवरील, म्हणजे विक्रीच्या पावतीवरील, क्विंटलवर, विकणाऱ्याच्या खात्यात द्यावी, कारण भाव पडल्याची झळ विकलेल्या मालाला लागते, पडीक धुऱ्या-बांधाला नाही.

गुढीपाडव्याला आमचा मक्ता पुन्हा ठरेल. तो लिहून देण्याची माझी तयारी आहे. त्या कागदाला कायद्याचा आधार मिळावा, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून शासनापर्यंत पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक शेतमालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ